पॉलिनेशियन टॅटू : अर्थांची चौकट पुरेशी नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत पॉलिनेशियन टॅटूंवर आलेला लेख माझ्या भाचीने पुण्याहून फोटो काढून पाठवला आणि खाली विचारलं, ‘मावशी, यातलं कुठलं काढून घेऊ?’ लेखासोबत एक चौकट होती. कासव म्हणजे दीर्घायुष्य, शार्कचे दात म्हणजे संरक्षण, भाल्याचं टोक म्हणजे लढाऊ वृत्ती, लाटा म्हणजे आयुष्यातले बदल. यातली आपल्याला लागू पडणारी चिन्हं निवडा आणि आपली गोष्ट अंगावर लिहून घ्या, असा एकूण सल्ला होता. भाचीशी मी फोनवर बोलले. तेच आपल्या इतर वाचकांशीही बोलावंसं वाटलं, म्हणून हे पत्र. ते लांबणार आहे, पण विषय तेवढा मोठा आहे.

मी मूळची तासगावची. बरीच वर्षं न्यूझीलंडमध्ये, दक्षिण ऑकलंडमधल्या एका रुग्णालयात डायलिसिस विभागात नर्स आहे. पॉलिनेशियन माणसं जगात सर्वांत जास्त संख्येने राहतात ते शहर ऑकलंड. सामोआ, टोंगा, कुक बेटं इथून आलेली कुटुंबं आणि इथले मूळचे माओरी यांच्यात मूत्रपिंडाचे विकार फार आहेत, त्यामुळे आमच्या खुर्च्यांवर बहुतेक तेच असतात. आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार-पाच तास माणूस मशीनला जोडलेला असतो. उठता येत नाही, झोप लागतेच असं नाही. मग बोलणं होतं. पुढे ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांना विचारून, नावं न घेता लिहिते आहे.

सामोआच्या सवाई बेटावरचे एक आजोबा आमच्याकडे येतात. इकडच्या रीतीप्रमाणे सगळे त्यांना ‘अंकल’ म्हणतात, मीही म्हणते. त्यांच्या अंगावर पेआ, म्हणजे सामोआच्या पुरुषांचं पारंपरिक गोंदण, आहे. कमरेच्या वरून सुरू होऊन गुडघ्यापर्यंत, मांड्या, नितंब, पोटाचा खालचा भाग, सगळं दाट काळ्या नक्षीने भरलेलं. दुरून बघणाऱ्याला वाटावं की या माणसाने गुडघ्यापर्यंतची विजार घातली आहे. आता पाय वाळलेत, कातडी सुरकुतली आहे, पण रेघा जागच्या जागी आहेत.

पेआ कसा काढतात हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ कळत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगते. काढणाऱ्याला तुफुंगा म्हणतात. ही विद्या ठरावीक घराण्यांत चालत आलेली आहे. हत्यार म्हणजे रानडुकराच्या सुळ्यापासून घासून केलेली दातरी. ती कासवाच्या पाठीच्या तुकड्याला आणि तो तुकडा लाकडी दांड्याला बांधलेला. त्या दांड्यावर दुसऱ्या काठीने ठोके द्यायचे. शाई म्हणजे एका तेलकट रानबीची काजळी. मदतनीस दोन्ही बाजूंनी कातडी ताणून धरतात, रक्त पुसतात. हे काम दिवसेंदिवस चालतं. घरचे भोवती बसलेले असतात, गातात, डोकं मांडीवर घेतात. माणसाला रात्री एकटं झोपू देत नाहीत. पूर्वीपासूनची पद्धत अशी की पेआ दोघांनी जोडीने घ्यायचा. आज याच्या अंगावर काम, मग त्याच्या. त्या जोडीदाराला सोआ म्हणतात. शेवटी बेंबीजवळची नक्षी होते आणि काम पुरं झाल्यावर खोबरेल तेल आणि हळद अंगाला चोळतात. तुफुंगाला मोबदला म्हणून घराण्याने बारीक विणलेल्या चटया द्यायच्या. त्या चटया विणायला बायकांचे महिनोन्‌महिने जातात. मधेच वेदना असह्य होऊन कोणी उठून गेला तर अर्धा पेआ आयुष्यभर अंगावर राहतो आणि त्याची लाज सगळ्या घराला लागते.

आता नक्षीचं. पाठीवर वरच्या बाजूला होडीचा आकार असतो. त्याखालच्या समांतर रेघांना घराच्या छपराच्या वाशांचं नाव आहे. मांड्यांवर गोम, सुरवंट, समुद्रपक्षी यांच्या नावांच्या लहान आकृत्या येतात. एकूण मांडणी ठरलेली असते. हवी ती चिन्हं निवडून आणणं तिथे नाही. कुठे काय भरायचं ते तुफुंगा बघतो. मग प्रत्येकाचा पेआ साधारण एकाच मांडणीचा असेल, तर त्यात त्या माणसाची गोष्ट कुठे असते?

हे मी अंकलना विचारलं होतं. त्यांनी एकाही आकृतीचा अर्थ सांगितला नाही. त्यांनी सांगितलं ते असं. मामांनी चटया दिल्या. कुठल्या मामाने किती दिल्या, हेही त्यांच्या लक्षात होतं. सोआ होता चुलतभाऊ. तो पहिल्या दिवशी रडला, पण दुसऱ्या दिवशी स्वतः आधी जाऊन झोपला. आई डोक्याशी बसून होती. त्यानंतर गावात वडीलधाऱ्यांची बैठक असली की आवा हे पेय वाढायला उभं राहायचा मान मिळाला आणि त्याबरोबर जबाबदारीही आली. कुटुंबात मयत असो, लग्न असो, चर्चचं काम असो, पेआ असलेल्याने मागे बसायचं नसतं. ऑकलंडला आल्यावर कारखान्यात रात्रपाळ्या करून घरी पैसे पाठवले, तेही त्यांनी याच गोष्टीत सांगितलं. ‘हा माझा नाही, मी त्याचा आहे’ असं काहीसं बोलून ते डोळे मिटून पडून राहिले.

म्हणजे गोष्ट होती आणि ती अगदी त्यांची स्वतःची होती. पण ती एकेका आकृतीत साठवलेली नव्हती. कोणी दिली, कोणासमोर घेतली, कोण सोबत होतं आणि नंतर कसं वागलं, यात होती. आपल्या चौकटीत नेमकं हेच आलेलं नाही.

सामोआच्या बायकांचं गोंदण वेगळं, त्याला मालू म्हणतात. मांड्यांपासून गुडघ्याच्या थोडं खाली, नक्षी विरळ आणि नाजूक. गुडघ्याच्या मागे एक चौकोनी हिऱ्यासारखी आकृती असते, तिचंही नाव मालूच. माझी एक सामोअन सहकारी ऑकलंडातच जन्मलेली. आजीची इच्छा म्हणून ती आई आणि मावश्यांसोबत उपोलू बेटावर जाऊन मालू घेऊन आली. आमचा गणवेश पँटचा, त्यामुळे वॉर्डात ते कोणाला माहीतही नव्हतं. एका कौटुंबिक समारंभात ती ताउआलुंगा नाचली. हा शेवटी होणारा, मानाचा नाच. त्यात हळू वळताना वस्त्राच्या काठाखालून ते क्षणभर दिसलं आणि म्हाताऱ्या बायकांनी आनंदाने आरोळ्या दिल्या. मालू एरवी मिरवायचा नसतो. त्यामुळे मांडीवर मालूची नक्षी काढून समुद्रकिनाऱ्यावरचे फोटो टाकणाऱ्या परदेशी मुली पाहिल्या की तिला काय वाटत असेल, हे मला तिने न सांगता समजतं.

सामोआत एक जुनी कथा सांगतात. ताएमा आणि तिलाफाइंगा या जुळ्या बहिणी फिजीहून गोंदणाची हत्यारं घेऊन पोहत निघाल्या. वाटेत त्या गात होत्या, ‘बायकांना गोंदतात, पुरुषांना नाही.’ सवाईजवळ समुद्रतळाशी शिंपला दिसला म्हणून बुडी मारली आणि वर आल्यावर गाणं उलटं झालं, ‘पुरुषांना गोंदतात, बायकांना नाही.’ अंकल ही कथा फार रंगवून सांगतात आणि बाजूच्या खुर्चीवरच्या आजी दर वेळी, गाणं आधीचंच बरोबर होतं, असं म्हणतात.

‘पॉलिनेशियन’ असा एकच शब्द वापरला की ही सगळी बेटं एकमेकांत मिसळून जातात. उत्तरेला हवाई, पूर्वेला रापा नुई (ईस्टर बेट), नैर्ऋत्येला न्यूझीलंड, एवढ्या मोठ्या त्रिकोणात प्रत्येक ठिकाणची रीत वेगळी आहे. हवाईत शोकाचं गोंदण होतं. 1819 मध्ये राजा पहिला कामेहामेहा वारला तेव्हा अनेकांनी त्याचं नाव आणि मृत्यूची तारीख हातावर गोंदवून घेतली; त्याच वर्षी तिथे गेलेल्या फ्रेंच चित्रकार जाक आरागोने ते पाहिलं होतं. पुढे 1823 मध्ये राणी कामामालू हिची सासू केओपुओलानी वारली, तेव्हा कामामालूने जिभेवर गोंदवून घेतलं. विल्यम एलिस या मिशनऱ्याने तिला दुखत असेल असं म्हटल्यावर तिने उत्तर दिलं ते त्याने लिहून ठेवलं आहे : वेदना मोठी आहे, पण माझी माया त्याहून मोठी आहे. जिभेवरचं गोंदण कोणाला दिसायचं नसतं. ही गोष्ट वाचली तेव्हा मी वॉर्डातल्या चहाच्या खोलीत होते आणि बराच वेळ मला कोणाशी बोलता आलं नाही.

माओरींचा मोको तर आणखी वेगळा. जुन्या पद्धतीत कातडीला नुसते टोचे नसत. छिन्नीसारख्या हत्याराने चर पाडून त्यात रंग भरत. चेहऱ्यावरच्या त्या वळणदार रेघांत त्या माणसाची वंशावळ, त्याचं स्थान असतं आणि दोन माणसांचे मोको सारखे नसतात. 1820 च्या दशकात ते पेही कूपे हा माओरी प्रमुख इंग्लंडला गेला होता. त्याने आरशात न बघता स्वतःच्या चेहऱ्यावरचा मोको कागदावर रेघ न रेघ काढून दाखवला. माओरी प्रमुख आणि ब्रिटिश राजसत्ता यांच्यातल्या वाइतांगी कराराच्या काळात, 1840 च्या सुमारास, काही प्रमुखांनी कागदपत्रांवर आणि जमिनीच्या खतांवर सही म्हणून आपल्या मोकोतला भाग काढला. म्हणून तो मोको जसाच्या तसा उचलून दुसऱ्याने स्वतःच्या अंगावर काढणं म्हणजे परक्याच्या सातबाऱ्यावर आपलं नाव चढवण्यासारखं आहे. माओरी माणसं यावर चिडतात ती उगीच नाही.

आणि त्यांच्या चिडण्यामागे याहून वाईट इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपीय व्यापारी मोको असलेली, वाळवून जपलेली माणसांची शिरं बंदुकांच्या बदल्यात विकत घेत. ती संग्रहालयांत आणि खासगी संग्रहांत गेली. 1831 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स या ब्रिटिश वसाहतीचा गव्हर्नर राल्फ डार्लिंग याने या व्यापाराला बंदी घातली, पण गेलेली शिरं परत येईनात. 2003 पासून न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या पुढाकाराने ती परत आणण्याचं काम पद्धतशीर चालू आहे. 2012 मध्ये पॅरिसहून वीस शिरं आली. त्यांना माओरी विधींनी घरी घेतलं. कोणाचे तरी आजे-पणजे होते ते. असं ज्यांच्या बाबतीत घडलं त्यांना ‘छान डिझाइन आहे’ या शब्दांत काय ऐकू येत असेल, याचा विचार लेख लिहिताना व्हायला हवा होता.

बायकांचा हनुवटीवरचा मोको कावाए मिशनऱ्यांच्या काळातही टिकला, मग विसाव्या शतकात जवळजवळ नाहीसा झाला आणि गेल्या काही दशकांत परत आला. 2020 मध्ये ननाया माहुता न्यूझीलंडच्या परराष्ट्रमंत्री झाल्या तेव्हा त्यांच्या हनुवटीवर तो होता. 2021 च्या डिसेंबरात ओरिनी काइपारा यांनी संध्याकाळच्या मुख्य बातम्या दिल्या. मोको कावाए असलेली बाई त्या वेळेला पडद्यावर पहिल्यांदाच दिसली. आमच्या एक माओरी पेशंट आहेत, त्यांनी साठी उलटल्यावर मोको घेतला. त्यासाठी मराएवर, म्हणजे त्यांच्या कुळाच्या सभास्थानी, सगळं घर बसलं, बोलणी झाली, काहींनी विरोधही केला, मग ठरलं. त्या म्हणाल्या, ‘तो आतमध्ये आधीपासून होताच, काढणाऱ्याने फक्त वर आणला.’ हे इथे बरेच जण म्हणतात, पण त्यांच्या तोंडून ऐकताना ते पाठ केलेलं वाटलं नाही.

आता आपल्याकडची मुलं जे फोटो घेऊन टॅटूवाल्यांकडे जातात त्याबद्दल. भाची सांगत होती की सर्वांत जास्त मागणी हॉलिवूडचा नट ड्वेन जॉन्सन (‘द रॉक’) याच्या छातीवरच्या आणि दंडावरच्या टॅटूला आहे. तो टॅटू ताहितीच्या पोओइनो यरोंडी यांनी 2003 मध्ये काढला. जॉन्सनची आई सामोअन. आजोबा पीटर माइव्हिया हे कुस्तीगीर होते आणि त्यांच्या अंगावर पूर्ण पेआ होता. जुन्या फोटोंत तो दिसतो. जॉन्सनच्या टॅटूत त्याचे पूर्वज, त्याचं घर, त्याची धडपड आहे. कोथरूडच्या मुलाच्या खांद्यावर तो जशाच्या तसा आला तर त्यात त्या मुलाचं काय असणार? त्या मुलाच्या कौतुकाबद्दल मला शंका नाही. कौतुक वाटलं म्हणून दुसऱ्याचे पूर्वज आपल्या खांद्यावर घेता येत नाहीत, एवढंच त्याला कोणीतरी प्रेमाने सांगायला हवं. मोठ्या कंपन्यांनाही हे ऐकावं लागलं आहे. 2013 मध्ये नाइकेने पेआची नक्षी छापलेल्या बायकांच्या तंग विजारी बाजारात आणल्या होत्या. सामोअन आणि इतर पॅसिफिक लोकांनी कडाडून विरोध केला आणि कंपनीने माल मागे घेऊन माफी मागितली.

टॅटूच्या दुकानांत ‘पॉलिनेशियन’ म्हणून जे तक्ते असतात त्यातल्या पुष्कळ आकृत्या मार्केसास बेटांच्या आहेत. तिथे मिशनरी आणि फ्रेंच सत्ता यांच्या दडपणाने गोंदण थांबलं, रोगराईने माणसंही फार कमी झाली. कार्ल फॉन डेन श्टाइनेन हे जर्मन अभ्यासक 1897-98 मध्ये तिथे गेले आणि अंगावर नक्षी असलेल्या हयात माणसांकडून ती उतरवून घेतली. अमेरिकेच्या विलोडीन हँडी यांनी 1920 च्या सुमारास तेच काम केलं. आज मार्केसासच्या तरुणांना आपली नक्षी परत मिळाली आहे, त्यात या नोंदींचा मोठा वाटा आहे. एनाता नावाची माणसाची लहान आकृती तिथलीच. ओळीने हात धरून उभी केली की कुटुंब, पूर्वज असं वाचतात. हे सगळं अभ्यासाने, आदराने शिकता येतं. म्हणून मी ‘हात लावू नका’ असं म्हणत नाही.

परक्यांनी घ्यावं की नाही यावर खुद्द तिथल्या लोकांचं एकमत नाही. काही सामोअन तुफुंगांनी परदेशी माणसांना पेआ दिला आहे आणि त्यावर सामोअन समाजात वाद झाले आहेत. माओरींनी मात्र एक वाट करून दिली आहे. वंशावळीचा दावा नसलेली, बाहेरच्यांसाठी माओरी कलाकाराने काढलेली नक्षी, तिला किरितुही म्हणतात. भाचीला मी हेच सांगितलं. घ्यायचंच असेल तर इकडे ये, कलाकारासमोर बस, आधी तुझं घर, तुझी माणसं त्याला सांग, त्याने काय काढायचं ते त्याला ठरवू दे. हनुवटीचा मोको, पेआ, मालू यांना हात लावायचा नाही. आणि नर्स म्हणून एक गोष्ट प्रत्येकाला सांगते : सुई नवी आहे, पाकीट तुमच्यासमोर फोडलंय, हे बघितल्याशिवाय हात पुढे करू नका. जत्रेतल्या मशीनवर एकाच सुईने ओळीने दहा जणांचे हात गोंदले जातात. हिपॅटायटिस बी आणि सी असेच पसरतात आणि त्यांचे परिणाम मी रोज बघते. इथले तुफुंगासुद्धा आता बऱ्याच ठिकाणी निर्जंतुक करता येणारी स्टीलची हत्यारं वापरतात. त्याने परंपरेचं काही बिघडलेलं नाही.

एकदा मी अंकलना मोबाइलवर माझ्या आजीच्या हाताचा फोटो दाखवला. कोपराच्या आत तुळशीवृंदावन, मनगटाजवळ विंचू, अंगठ्याच्या मुळाशी ठिपके. हनुवटीवरही एक ठिपका होता, तो फोटोत नाही. तुळस म्हणजे काय, विंचू कशाला, हे त्यांनी विचारलंच नाही. ‘हिचा हात कोणी धरला होता?’ असा त्यांचा पहिला प्रश्न. मला उत्तर माहीत होतं, कारण आजी ते नेहमी सांगायची. लग्नाआधी दारावर गोंदणारीण आली, आजीच्या आत्याने तिला मांडीत घेऊन हात घट्ट धरला, गोंदणारीण गाणं म्हणत होती. दिव्याची काजळी, सुया, आणि झाल्यावर वरून हळद. बाकी सगळं इथेच राहतं, मेल्यावर सोबत येतं ते गोंदण, असं आजी म्हणायची. अंकलनी हळदीचं ऐकून मान हलवली आणि आपल्या मांडीवर हात ठेवला.

माझ्या आजीच्या वयाच्या, अंगावर जुनं गोंदण असलेल्या बायका आमच्या भागात आता मोजक्या उरल्या आहेत. त्यांच्या मुलींनी ते घेतलं नाही, नातींना ते गावंढळ वाटलं. मार्केसासची नक्षी वाचली कारण कोणीतरी वेळेवर जाऊन हयात माणसांना विचारलं. आपल्याकडे तो वेळ आजच आहे, पुढच्या दहा वर्षांत तो नसेल.

म्हणून आपल्याला दोन विनंत्या. परदेशी गोंदणावर पुन्हा लेख आला तर प्रत्येक नक्षीखाली ती कुठल्या बेटाची, कुठल्या लोकांची, हे छापावं, आणि जी नक्षी बाहेरच्यांनी घेऊ नये असं ते लोक सांगतात तिचाही स्पष्ट उल्लेख करावा. दुसरी, आपल्या जिल्हा आवृत्त्यांच्या वार्ताहरांना आपल्याच आज्यांकडे पाठवावं. नुसते हाताचे फोटो नकोत. कोणी गोंदलं, कुठल्या गावाहून ती बाई आली होती, काय गात होती, दाम म्हणून काय दिलं, जोंधळे की पैसे, हात कोणी धरला होता, हे त्यांच्या शब्दांत आणि त्यांच्या परवानगीने लिहून घ्यावं. तासगाव आणि कवठेमहांकाळ भागातल्या अशा काही बायकांशी माझ्या आत्याची ओळख आहे आणि ती सोबत यायला तयार आहे. मी डिसेंबरात सुट्टीला येते आहे. आपल्या कार्यालयाने कोणाशी संपर्क साधायचा ते कळवलं तर आत्या आणि मी त्यांना घेऊन जाऊ.

आपली,
एक वाचक
तासगाव, जि. सांगली (सध्या ऑकलंड)